मनकर्णाच्या चंचीतला चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे आणि माझी घडी आता होत नाही. घडीच्या चाकूला यापेक्षा मोठी नामुष्की नसते, पण मी रडगाणं गाणार नाही. रडणं लोखंडाला मानवत नाही, पाण्याने गंज वाढतो. जे घडलं ते सांगतो, आणि सांगताना स्वतःची थोडी बढाई मारली तर तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म मांजरसुंब्याचा. तिथे हमरस्त्यावर ट्रक थांबतात, ड्रायव्हर ढाब्यावर जेवतात आणि गाड्यांची मोडतोडही तिथेच दुरुस्त होते. मी आधी एका ट्रकच्या कमानीतला पाटा होतो. वर्षानुवर्षं सिमेंट, ऊस, खडी, जे येईल ते पाठीवर घेतलं. एके दिवशी घाटात पाटा तुटला. मालकाने नवा बसवला आणि तुटलेला तुकडा रस्त्याकडेला टाकून निघून गेला. ढाब्यामागे पाल ठोकून राहिलेल्या रामप्रसाद घिसाड्याने तो उचलला.

रामप्रसाद सांडशीत लोखंड धरायचा, लहान हातोडीने जागा दाखवायचा आणि त्याची बायको साखराबाई दोन्ही हातांनी घण घालायची. घामाने तिची चोळी भिजून जायची. एवढं ओझं वाहिलेलं लोखंड काही सुखासुखी वाकत नाही, मी दोघांच्या नाकी नऊ आणले. शेवटी माझं चार बोटं लांबीचं पातं झालं. ते लाल तापवून पाण्यात बुडवलं, त्याला पाणी पाजणं म्हणतात, त्याने पात्याला कडकपणा येतो. मग बाभळीची मूठ, पितळेचा खिळा आणि पाठीत एक दाबाची पट्टी बसवली. उघडताना माझा एकदा कट् आवाज यायचा, मिटताना एकदा. साखराबाईने मला सात-आठ वेळा उघडून मिटून पाहिलं आणि ती पहिल्यांदा हसली.

आष्टीच्या आठवडी बाजारात साखराबाईने मला विळे, खुरपी आणि कुऱ्हाडींच्या शेजारी पोत्यावर मांडलं. पलीकडच्या दुकानात आरशासारखे चकचकीत चाकू टांगलेले होते. लाल मुठीचे, निळ्या मुठीचे, काहींना तर बाटलीचं झाकण काढायचीही सोय. येणारा-जाणारा आधी तिकडे वळायचा. माझ्याकडे दुपारपर्यंत कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपारी मनकर्णा आली. आष्टीजवळच्या एका वाडीतली शेळ्या-मेंढ्या राखणारी बाई, उन्हाने रापलेली, डाव्या हाताच्या बोटाला हळदीने पिवळी झालेली चिंधी.

"मावशे, घडीचा चाकू दाव. लई भारी नको," ती म्हणाली.

"कशाला पायजे?" साखराबाईने विचारलं.

"कशाला म्हंजी? समद्यालाच. शेरडाचं खूर काढायला, सुतळी तोडायला, पायातला काटा काढायला, कांदा चिरायला. रोज कमरंला असला पायजे."

पलीकडचा दुकानदार ओरडला, "बाई, बटनाचा घ्या! दाबला की खट्‌कन उघडतो."

मनकर्णाने त्याला चिंधीचं बोट दाखवलं. "दाबला की उघडतो, आन् न दाबता मिटतो बी. तुज्याच दुकानातला हुता. आन् बटनाचा चाकू घेऊन एस्टीत बसले तर पोलीस इचारील, म्हातारे, कुणावर चाललीस?"

मग तिने मला हातात घेतलं. मित्रांनो, मुलगी पाहायला आलेली माणसंही एवढी कसून चौकशी करत नाहीत. खाचेत नख घालून मला उघडलं. पातं उन्हात धरून एका डोळ्याने धारेवरून नजर फिरवली. कानाशी नेऊन हलवलं, खिळा खुळखुळतो का ते ऐकलं. मग पात्याची पाठ दगडावर टेकवून सगळा भार टाकला, मी मिटतो का हे पाहायला. मी मिटलो नाही. शेवटी मला मिटवून मुठीत झाकलं. मुठीत मावलो, तेव्हा कुठे तिने भाव विचारला.

साखराबाईने दोनशे सांगितले, दीडशेवर ठरलं. तेवढ्या पैशात शेजारी दोन चकचकीत आले असते. मनकर्णालाही ते माहीत होतं, पण तिने बोटाच्या चिंधीकडे पाहिलं आणि पैसे काढले. मला देताना साखराबाई म्हणाली, "ह्ये पोलाद हाय, बाई. ह्याला ओलं चालत न्हाई. कापलं की पुसायचं, आठ दिसाला तेलाचं बोट लावायचं. येवढं केलंस तर नातवाला पुरंल."

मनकर्णाच्या कमरेला चंची असायची. चंची म्हणजे कापडाची, कप्प्याकप्प्यांची गुंडाळी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुना-तंबाखू, आणि चौथ्यात मी. सहा वर्षं मी तिथे राहिलो. सकाळी खुरांची कड तासायची, दुपारी बांधावर कांदा फोडायचा, संध्याकाळी कुणाच्या तरी टाचेतला बाभळीचा काटा उकरायचा. शेळी व्याली की मनकर्णा माझं पातं विस्तवावर धरायची आणि पिल्लाची नाळ कापायची. पिल्लू पहिल्यांदा पाय झाडायचं तेव्हा मला पुसायचं भान मात्र तिला राहायचं. प्रत्येक कामानंतर पदराचं टोक पात्यावरून दोनदा फिरायचं. त्या पदराला माझ्यामुळे काळे डाग पडले होते, पण तिने कधी तक्रार केली नाही.

वाडीत माझं नाव झालं. लोक मला मागायला यायचे आणि मनकर्णा म्हणायची, "चाकू मागू नगा, काम सांगा. म्या करून देते." मला हे फार आवडायचं. चाकूने एवढा भाव खाऊ नये हे मला समजतं, पण खाल्ला.

सातव्या वर्षी तिच्या मुलाचं, लखनचं लग्न ठरलं. नवरी परळीकडची, योगिता. बारावी शिकलेली, बोलण्यात चटपटीत. तिच्या आईने लेकीला आंदण म्हणून एक शेळी दिली. अंगावर पांढरे-काळे ठिपके, म्हणून तिचं नाव कबरी.

आता मनकर्णाच्या माणसांचा एक रिवाज सांगतो. हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंडाचं पातं देतात आणि त्याच्या टोकाला लिंबू खोचतात. बाहेरचं काही नवराबायकोला लागू नये, म्हणून. लग्न झालं तरी ते लिंबू काढायचं नसतं. जोडप्याने बिरोबाच्या देवळात जायचं आणि तिथे घरातल्या थोरल्या माणसाने लिंबू उतरवायचं. त्याआधी कुणी ते काढलं तर संसाराला वाईट, अशी समजूत. या कामासाठी भावकीत एक जुनी कट्यार होती. ती मागच्या कुणाच्या लग्नात गेली ती परत आलीच नव्हती. ऐन हळदीत शोधाशोध सुरू झाली.

"कट्यार कशाला? माजा चाकू हाय की!" मनकर्णा म्हणाली.

मला निवडायला जिने अर्धा तास घातला होता, तिला मला देऊन टाकायला अर्धं मिनिटही लागलं नाही. रसरशीत लिंबू माझ्या टोकावर बसलं. गार, आंबट पाणी पात्यावरून खाली ओघळलं आणि थेट खिळ्यापर्यंत गेलं. मांडवातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. खरं सांगतो, मीही त्या वेळी हुरळून गेलो होतो.

लग्न झालं, वरात आली. रविवारी बिरोबाला जायचं ठरलं. पण लग्नाच्या चौथ्या दिवशी भावकीतली एक म्हातारी वारली आणि घराला सुतक लागलं. सुतकात देवळात जाता येत नाही. तेरा दिवस तसे गेले, पुढचा रविवार आणखी कशात तरी गेला. मी भिंतीतल्या दिवळीत, लिंबासकट, उघडाच पडून होतो. माझ्यापुढे रोज उदबत्ती लागायची, हळदकुंकू व्हायचं. फक्त पुसत कुणी नव्हतं.

एकदा मनकर्णा आली. लिंबाच्या कडेने फुटलेला तांबूस गंज तिला दिसला असावा. तिने पदराचं टोक धरलं, हात पुढे केला आणि परत घेतला. "देवाचं हाय," ती पुटपुटली आणि गेली. पदर चार बोटांवर येऊन मागे फिरला, तेव्हा मला वाईट वाटलं.

तिची चंची रिकामी राहिली म्हणून लखनने मांजरसुंब्याहून एक चकचकीत चाकू आणला. "आई, ह्यो बग, स्टीलचा. गंजत न्हाई. ह्यात बॅटरी बी हाय."

"चाकूत बॅटरी कावून?" मनकर्णा म्हणाली. पण पोराने हौसेने आणलेला, म्हणून कमरेला लावला.

इकडे बायकांची कुजबुज सुरू झाली होती. नवरी घरात आली आणि चौथ्या दिवशी म्हातारी गेली, पायगुण बरा दिसत नाही, असं पाणवठ्यावर बोललं जायचं. योगिताच्या कानावर ते यायचं. ती कबरीच्या गळ्यात हात घालून बसायची.

अखेर एक रविवार नक्की झाला. आदल्या दिवशी सकाळी मनकर्णाचा नवरा सटवा आणि लखन नारळ-भंडारा आणायला आष्टीला गेले. घरी सासू-सून दोघीच. योगिता कबरीला बांधावर बांधून पाणी आणायला गेली. दाव्याची गाठ सुटली. पलीकडे शेजारच्या भगवानरावांच्या रानात लसूणघासाचा हिरवा चारा होता, दंवाने ओलाचिंब. कबरीने तासभर ताव मारला. रिकाम्या पोटी असा ओला घास खाल्ला की शेळीच्या पोटात वारा धरतो आणि पोट फुगत जातं. वारा निघाला नाही तर जनावर गुदमरून मरतं.

"आत्या! आत्या, कबरी बगा कशी कराया लागली!" योगिता तिला ओढत, ढकलत दारात घेऊन आली.

मनकर्णा धावत बाहेर आली. तिने शेळीच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली, ढोलासारखा आवाज आला. तेलात सोडा कालवून पाजला, पोट चोळलं, चालवून पाहिलं. योगिताने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, लगेच निघाले, पण पाऊण तास तरी लागणार होता. कबरी खाली बसली. जीभ बाहेर आली.

"येवढा येळ न्हाई हिच्याकडं," मनकर्णा म्हणाली. डाव्या कुशीत, भुकेल्या जनावराचा जिथे खड्डा पडतो तिथे, भोक पाडून वारा काढायचा, हे तिने तिच्या बापाला करताना पाहिलं होतं. तिने कमरेचा चकचकीत चाकू काढला, टोक टेकवलं आणि भार दिला. शेळीचं कातडं चिवट असतं. पातं आत जायच्या ऐवजी उलटं मिटलं आणि तिच्या बोटात रुतलं. तिने तो अंगणात भिरकावला. त्याची बॅटरी मात्र लागली, भर उन्हात.

मग दोघींनी एकदमच दिवळीकडे पाहिलं.

"त्याला लिंबू हाय," मनकर्णा म्हणाली. तिच्या बोटातून रक्त गळत होतं.

"उद्याच काढायचं हाय की, आत्या. येका दिसानं काय हुतंय?"

"तुज्या कुकवाचं हाय त्ये, पोरी. माज्या लेकाचं हाय."

योगिताने कबरीचं डोकं मांडीवर घेतलं. "आन् कबरी मेली तर? म्हातारी गेली तवा बी बाया माज्याच पायाकडं बगत हुत्या. आता माज्या आईनं दिलेलं शेरडू बी मेलं, तर मला ह्या वाडीत कोण उबं करील?"

मनकर्णाने उठून मला दिवळीतून काढलं. "तू हात लावू नगंस. लिंबू म्या काढते. कुणी इचारलं तर सासूनं काढलं म्हणायचं. तुजं नाव ह्यात यायला नगं."

तिने लिंबू ओढलं. ते निघेना. पंचवीस-तीस दिवसांत ते वाळून लाकूड झालं होतं आणि गंजाने मला चिकटून बसलं होतं. रक्ताने तिची बोटं सटकत होती. योगिताने सासूचं काही ऐकलं नाही. तिने दोन्ही हातांनी माझी मूठ घट्ट धरली. "वडा, आत्या! वडा!" एकीने धरलं, एकीने ओढलं, आणि लिंबू माझ्या पात्याचा तांबडा पापुद्रा घेऊन निघालं.

मी पाहण्यासारखा राहिलो नव्हतो. धार खाल्लेली, टोक बोथटलेलं, अंगभर खड्डे. मनकर्णाने उंबऱ्याच्या दगडावर टोक चार वेळा घासलं, चुलीतल्या जाळावर धरलं आणि कबरीच्या कुशीत भार देऊन दाबलं. वरचा मी गंजलो होतो, आतला ट्रकचा पाटा शाबूत होता. कातडं तटतटलं आणि मी आत गेलो. आंबलेल्या घासाचा भपकारा सुटला.

"पोकळ काय तरी दे! भोक मिटाया नगं!"

योगिताने धावत जाऊन तिचा पेन आणला, कांडी काढून फेकली आणि नुसती नळी दिली. ती भोकात बसली. फुस्स फुस्स करत वारा निघत राहिला आणि पोट उतरत गेलं. बऱ्याच वेळाने कबरी बारीक आवाजात ओरडली. दोघी तिथेच मातीत बसून रडल्या.

डॉक्टर आले, त्यांनी जखम शिवली, इंजेक्शनं दिली. मग मला पाहून कपाळाला हात लावला. "ह्या गंजक्या चाकूनं? अहो बाई, पोटफुगीतून वाचली तर धनुर्वातानं जायची ती! आणि आतलं आतडं कापलं असतं म्हणजे? पुन्हा असं करू नका. तुमचंही बोट घेऊन आधी दवाखान्यात जा." गाडीवर बसल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, "आज केलंत म्हणून आहे ही."

संध्याकाळी मनकर्णाने मला घासलेटने पुसलं, विटेच्या भुकटीने घासलं, खिळ्यात तेल सोडलं. पातं तसूभर हललं नाही. माझी घडी कायमची गेली होती. "माजं चुकलं," ती म्हणाली. "कांदा चिरला तरी पुसत हुते. आन् येवढे दिस आंबटात ठिवला." दुसरं कुणी ऐकत नव्हतं, ती माझ्याशीच बोलत होती.

रविवारी सगळे बिरोबाला गेले. लिंबू उतरवण्याचा मान मनकर्णाच्या थोरल्या दिराचा, आश्रुबाचा. आश्रुबा म्हणजे भावकीतला शेवटचा शब्द. पंचवीस वर्षांत मनकर्णा त्याच्यापुढे पदर न ओढता आली नव्हती आणि एक शब्दही बोलली नव्हती. त्याने हात पुढे केला, लखनने मला त्याच्या हातात दिलं. आश्रुबाने माझं उघडं टोक पाहिलं.

"लिंबू कुठाय?"

सटवा खोकला. लखन पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"म्या इचारतोय, लिंबू कुणी काढलं?"

"मी," मनकर्णा पदराआडून म्हणाली.

"मी," योगिताही त्याच वेळी म्हणाली.

आश्रुबा एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला. "दोघींनी?"

"न्हाई, मी," पुन्हा दोघी एकदमच.

भावजयीचा आवाज कसा आहे हे आश्रुबाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं, पात्यावरचे खड्डे अंगठ्याने चाचपले. शेळीची बातमी कालच वाडीभर झाली होती. मग त्याने विचारलं, "शेरडू हाय का?"

"हाय," मनकर्णा म्हणाली. "सकाळी पाला खाल्ला."

आश्रुबाने देवाकडे पाहिलं. "ह्यो देव मेंढरामागं हिंडलेला हाय. मंग कालच दारात येऊन त्यानं लिंबू उतरवून घेतलं म्हणायचं." त्याने चिमूटभर भंडारा दोघींच्या कपाळाला लावला. त्यानंतर पायगुणाची गोष्ट वाडीत निदान मी तरी ऐकली नाही.

परतताना मनकर्णा सुनेला म्हणाली, "तुला म्हणलं हुतं ना, सासूचं नाव सांग म्हणून?"

"सांगितलं असतं की," योगिता म्हणाली. "पर मंग थोरल्या मामंजींपुढं तुमाला येकटीलाच बोलावं लागलं असतं."

मनकर्णा चालता चालता थांबली. सुनेच्या डोक्यावरचं नारळाचं गाठोडं तिने उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि पुढे चालू लागली.

मित्रांनो, मी आता घरात असतो. मिटत नाही, म्हणून चंचीत मावत नाही. भाजी चिरतो, सुतळी तोडतो, आणि सासू किंवा सून, जी कुणी मला वापरते, ती लगेच पुसते. तुम्हीही वस्तू घ्याल तेव्हा मनकर्णासारखं पारखून घ्या, चकाकीला भुलू नका. पण घेतल्यावरही तेवढाच वेळ तिच्यासाठी काढा. कामातल्या वस्तूकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष जातंच. जिला मान देऊन उंच जागी ठेवलीत, तिला मात्र आठवणीने खाली काढा आणि पुसा. तिथे तिला कुणी हात लावत नाही.